खोटा कावळा

लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा सासूबाईंशी माझं पहिलं भांडण झालं ते कावळ्यावरून. कल्याणला माझ्या माहेरी 'कावळा शिवला' हे शब्द वडिलांनी घरातून हद्दपार केले होते. वडील शाळामास्तर, वर सुधारक. महिन्याच्या त्या दिवसांत बाईनं वेगळं बसायचं, कशाला शिवायचं नाही, आपलं ताट आणि तांब्या आपणच घासायचा आणि लहान मुलांनी विचारलं की कावळा शिवला म्हणून सांगायचं, हे सगळं त्यांना थोतांड वाटे. मलाही वाटे. मॅट्रिक झालेली मुलगी मी, आणि तोंडाची फटकळ. पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी व्हरांड्यात चटई टाकून दिली, तेव्हा मी ती गुंडाळून त्यांच्यासमोर आणून ठेवली आणि म्हटलं, मी घरातच वावरणार. त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं, ते चौथ्या दिवसापर्यंत. म्हणजे एवढं भांडून मी व्हरांड्यातून पुढच्या खोलीपर्यंत पोचले. दोन खोल्यांच्या घरात ही काही फार मोठी मजल नव्हती.

आणि तीच मी, पुढे दोन वर्षांनी त्या चटईची वाट बघायला लागले. पोरं दिवाळीच्या सुट्टीची बघतात तशी, बोटांवर दिवस मोजून. असं का झालं ते सांगते.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. डोंबिवली तेव्हा गावच होतं. स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की भातखाचरं लागायची. आमचं बिऱ्हाड त्या खाचरांच्या अलीकडे, एका बैठ्या घरात. मागे घरमालकांची विहीर. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तो तुळशीला पाणी घालताना. डावं अंग गेलं. जीभ जड झाली, शब्द एकमेकांत मिसळून यायला लागले. त्यांचं बोलणं घरात फक्त मला कळे, कारण दिवसभर ऐकायला मीच असे. त्यांच्या मुलाला, म्हणजे ह्यांनासुद्धा, निम्मंच कळे. बाकीच्यांसाठी मी दुभाषी. शेजारीण समाचाराला आली आणि सासूबाई 'ही कशाला आलीय' म्हणाल्या, की मी सांगायची, 'आई म्हणतायत, बसा, चहा घ्या.'

हे आठच्या गाडीनं मुंबईला कोटातल्या ऑफिसात जायचे ते संध्याकाळी सातला परतायचे. मधल्या अकरा तासांत सासूबाईंना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, अंग पुसायचं, तेल चोळायचं, मऊ भात भरवायचा, ठसका लागला की पाठ धरायची. मग विहिरीवर जाऊन चादरी धुवायच्या. सासूबाई अंगानं भारी. मी तेव्हा एवढीशी होते. त्यांना उचलताना मी मनातल्या मनात 'एक, दोन, तीन' म्हणायची आणि तीनला माझ्याच कमरेतून कळ निघायची. रात्री त्यांनी नुसता श्वास जोरात घेतला तरी मी उठून बसे. मग झोप येत नसे. उरात धडधड सुरू व्हायची, धावत आल्यासारखी. केस विंचरले की फणीत पुंजकेच्या पुंजके. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. आणि राग! माझा राग मुळातच नाकावर, पण तेव्हा तो दुधाच्या भांड्यावर, दाराच्या कडीवर, तारेवर वाळत घातलेल्या टॉवेलवरसुद्धा निघायचा. एकदा टॉवेलला मी शिव्या घातल्या. सासूबाई आतून ऐकत होत्या.

या सगळ्याला मी आजारपण म्हणत नव्हते. आमच्या घरात आजारपण सासूबाईंचं होतं. दुसऱ्या कुणी आजारी पडायला जागाच नव्हती.

सुटका होती ती फक्त त्या चार दिवसांची. विटाळशीच्या हातचं पाणी सासूबाई घेणं शक्य नव्हतं, अर्धांग झालं तरी. म्हणून माझ्या नणंदेला बोलवावं लागे. वन्सं ठाण्याला तलावाजवळ राहायच्या, मोठ्या एकत्र कुटुंबात, त्यामुळे त्यांना चार दिवस निघता येई. सोवळ्याच्या बाबतीत आईच्या वरताण. हे ऑफिसला जाताना ठाण्याला उतरायचे आणि लाजत एवढंच म्हणायचे, 'उद्या ये.' वन्संना काय ते कळायचं. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन हजर, आणि मी माझी चटई घेऊन व्हरांड्यात.

काय सांगू ते सुख! मी झोपायची. दुपारी झोपायची, संध्याकाळी पुन्हा झोपायची. वाचनालयातून आणलेली कादंबरी छातीवर उपडी ठेवून झोपायची. वन्सं दुरून ताट सरकवायच्या आणि मी ते चाटूनपुसून साफ करायची. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात पाऊल टाकलं की पुढचे पंधरा दिवस मी बरी असे. वडिलांना हे कळलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. पण मी प्रथेला शरण गेले होते आणि मला त्याची काडीइतकीही लाज वाटत नव्हती.

आणि मग कावळा यायचाच थांबला.

पहिल्या महिन्यात मी नुसती चिडले. आठ दिवस, दहा दिवस वाट पाहिली. चटई झटकून ठेवली. काही नाही. वन्सं येणार तरी कशाला? कारणच नव्हतं. दुसराही महिना तसाच चालला, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या पायाला तेल लावत असताना त्या म्हणाल्या, 'तू रथसप्तमीला बसली होतीस.'

अंथरुणावर पडून त्यांना दुसरं काम नव्हतं. सगळ्या तिथ्या डोक्यात. त्यांनी उजव्या हातानं माझी हनुवटी वर केली, माझा चेहरा न्याहाळला आणि त्यांचा अर्धाच चेहरा हसला. लग्नाला चार वर्षं होत आली होती. त्या घरात पाळणा कधी हलणार हा प्रश्न मला कुणी विचारत नसे, पण सगळे मनात विचारत असत. मी तरी कुठे वेगळी होते? सकाळी मळमळत होतंच. चहाचा वास नको वाटत होता. चक्कर येत होती. कैरी खावीशी वाटत होती, जी मला दर उन्हाळ्यात खावीशी वाटते. ह्या सगळ्याची मोळी बांधून मीही हुरळले. अशी हुरळले की विहिरीवर चादरी आपटताना गात होते. ह्यांनी स्टेशनावरून पेढे आणले. एरवी ह्यांना आनंद झाला तर फार तर पेपराची घडी नीट घालतात.

सासूबाईंचा उत्साह मात्र माझ्या जिवावर आला. नाही, त्यांच्याच जिवावर आला. त्यांनी त्या दिवसापासून माझ्याकडून स्वतःला उचलून घ्यायचं नाही असं ठरवलं. मी 'एक, दोन' म्हणेपर्यंत त्या उजव्या हातानं खाटेची कड घट्ट धरून ठेवायच्या. भांडं नको. कुशीवर वळवायला नको. सगळं ह्यांच्या येण्यापर्यंत, संध्याकाळी सातपर्यंत, रोखून धरायचं. भांडं लागू नये म्हणून दुपारनंतर त्यांनी पाणी पिणं सोडलं. चैत्रातल्या उकाड्यात. मी रागावले, हात जोडले, ओरडले. त्या नुसतं माझ्या पोटाकडे बोट दाखवायच्या. आठ दिवसांत त्यांच्या पाठीवर पेढ्याएवढा लाल चट्टा उठला. तो पाहून मी त्यांना जबरदस्तीनं वळवायला लागले आणि आमची दोघींची रोज झटापट व्हायला लागली. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर सून सासूला मारतेय असं वाटलं असतं.

पाडव्यानंतर पंधराएक दिवसांनी मी विहिरीवर पाणी शेंदत होते. दोर हातात होता, बादली वर येत होती, आणि एकदम समोरची भातखाचरं काळी झाली. पुढचं मला आठवतं ते घरमालकीणबाई तोंडावर पाणी मारतायत हे. बादली विहिरीत गेली होती. मी काठाच्या कुठल्या बाजूला पडले यावर सगळं अवलंबून होतं, आणि नशिबानं मी या बाजूला पडले होते.

ह्यांनी रजा घेतली, वन्संना बोलावलं आणि दुपारच्या गाडीनं मला कल्याणला नेलं. तिथे वडिलांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी तपासलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली. रात्री किती वेळा उठता, म्हणून विचारलं. मी चारदा-पाचदा म्हणून सांगितलं, जरा ऐटीतच. जेवता कधी? सासूबाईंचं आटपलं की. म्हणजे किती वाजता?

हात धुऊन त्या समोर येऊन बसल्या.

'तुम्हाला दिवस गेलेले नाहीत,' त्या म्हणाल्या. 'घरात आजारी किती माणसं आहेत?'

'एक. सासूबाई.'

'दोन आहेत. दुसऱ्या तुम्ही.'

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. अंगात रक्त नाही, झोप नाही, पोटाला वेळेवर अन्न नाही. घरात माणसं कमी असली की आपण एखादी खोली बंद करून ठेवतो, झाडायला कोण जाणार म्हणून. शरीरानं तसंच केलंय. धडधड, चक्कर, केस, चिडचिड, सगळं त्यातलंच. काळं, लोखंडाच्या चवीचं औषध दिलं, इंजेक्शनं लिहून दिली, खजूर आणि दूध सांगितलं. आणि म्हणाल्या, 'हे सगळं घेऊनही उपयोग नाही, जर महिन्यातून निदान चार दिवस तुम्ही त्या अंथरुणापासून लांब राहिला नाहीत. नाहीतर सहा महिन्यांत त्याच खोलीत तुमचं अंथरूण घालावं लागेल.'

चार दिवस म्हटल्यावर मला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना. बाईंना वाटलं मी त्यांची टर उडवतेय. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, तर त्या आणखीच वैतागल्या. असल्या खुळचट चाली शिकल्या-सवरलेल्या बायकांनी पाळू नयेत, असं मला पाच मिनिटं सुनावलं. मी मान डोलावत राहिले. माझीच वाक्यं माझ्या तोंडावर फेकली जात होती.

हसू कल्याणच्या फलाटापर्यंत टिकलं. तिथे मी बाकावर बसले आणि मला मूल नाहीये हे तेव्हा कुठे आत पोचलं. जे कधी नव्हतंच त्याच्यासाठी मी रडले. हे शेजारी टोपी हातात घेऊन बसले होते. 'मी काय करू ते तरी सांग,' ते म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले, की मला सांगावं का लागतं. दोन गाड्या गेल्या. तिसरी आम्ही पकडली.

सासूबाईंना मीच सांगितलं. खाटेवर बसून, हात हातात घेऊन सांगितलं की नातवंड नाही, मी नुसती दमलेय. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, 'माझ्यामुळे.' मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, दूध उतू जातंय वाटतं, आणि उठले. चुलीवर दूध नव्हतं.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. त्या नातवंडासाठी झुरतायत असं मी धरून चालले. डॉक्टरीणबाईंचा सल्ला मी वन्संना सांगितला होता, पण विश्रांती हे औषध आमच्या घरात कुणी औषधात धरत नव्हतं. वन्सं मनानं चांगल्या, पण त्यांचा हिशेब सरळ होता. दिवस नाहीत म्हणजे जपायचं कारण नाही. दमायला काय, सगळ्याच दमतात. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि आईच्या पाया पडायला खाटेपाशी आल्या. मी दारात उभी होते. पुढचे सहा महिने मला समोर दिसत होते, आणि थांबा म्हणायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि काहीतरी मोठ्यानं म्हणाल्या.

वन्संना कळलं नाही. 'काय म्हणते गं आई?' त्यांनी मला विचारलं.

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. मी सासूबाईंकडे पाहत राहिले. ज्या बाईनं उभ्या जन्मात सोवळ्यात तांदळाएवढी खोट केली नव्हती, जिच्या खाटेपासून चार हातांवर देव होते, ती माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. त्या डोळ्यांचा अर्थ होता, सांग तिला. दुभाषी मीच होते. माझ्याबद्दलची थाप मलाच भाषांतर करून सांगायची होती.

'आई म्हणतायत,' मी म्हटलं, आणि कानापर्यंत लाल झाले, 'हिला शिवू नकोस. कावळा शिवलाय.'

वन्संनी कपाळावर हात मारला. 'अगं मग हे तू सांगायचंस की तिनं?' म्हणाल्या, आणि पिशवी खुंटीला लावून कमरेला पदर खोचला. मी चटई उचलून व्हरांड्यात गेले. पडल्या पडल्या झोपले. दिवेलागणीला जाग आली तेव्हा आत वन्सं आईला भरवत होत्या आणि सासूबाई कुरकुरत होत्या की भात घट्ट झालाय. मी कूस बदलून पुन्हा झोपले.

तिथून आमचा उद्योग सुरू झाला. दर महिन्याला कावळा कधी येणार ते सासूबाई ठरवायच्या. सकाळी माझा चेहरा बघायच्या, डोळ्यांखालचं काळं बघायच्या, आणि ह्यांना म्हणायच्या, 'ठाण्याला उतर.' हे मान खाली घालून निघायचे. ह्यांना पहिल्याच महिन्यात उमगलं असणार. पण हे त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. फक्त सकाळी निघण्यापूर्वी आईला कुशीवर वळवायचं आणि अंग पुसायचं काम स्वतःकडे घेतलं, आणि 'एक, दोन, तीन' मोठ्यानं म्हणायला लागले. पाठीवरचा चट्टाही मावळला.

खोट्या कावळ्याचे नियम सासूबाई खऱ्याहून कडक पाळायला लावायच्या. एकदा आत भांडं घरंगळल्याचा आवाज आला म्हणून मी उंबऱ्यावर पाय ठेवला, तर त्या अशा गरजल्या की वन्संच्या हातातली वाटी पडली. एकदा त्यांना मी फारच सुकलेली दिसले, म्हणून त्यांनी अठराव्या दिवशीच कावळा बोलावला. वन्सं आल्या त्या काळजीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वहिनी, हे काही बरं लक्षण नाही, त्या डॉक्टरणीला पुन्हा दाखव. मी पदरात तोंड खुपसलं. त्यांना वाटलं मी रडतेय. त्यांनी दुरूनच मला धीर दिला आणि त्या खेपेला सहा दिवस राहिल्या.

आणि मला बरं वाटायला लागलं! जिभेवर लोखंडाची चव, दात काळे, पण भूक अशी की खजुराचा डबा मला लपवून ठेवावा लागे, माझ्यापासूनच. धडधड आधी दिवसाआड झाली, मग आठवड्यातून एकदा. एक दिवस टॉवेल तारेवरून खाली पडला आणि मी तो नुसता उचलला. मग लक्षात आलं, मला राग आला नाही. मी धावत जाऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तो टॉवेलही घाबरायचा तुला.' झटक्यानंतर त्यांनी केलेली ही पहिली थट्टा.

खरं काही मात्र होत नव्हतं. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढही सरला. बंद खोली बंदच. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो.

श्रावणात एका खेपेचे चार दिवस संपले. खोट्या चौथ्या दिवसाचं खरं न्हाणं झालं, पाचवा उजाडला. वन्सं पिशवी भरत होत्या. मी घरात आले होते, चूल पेटवली होती, देवापुढे दिवा लावला होता. परसातून परत येताना मला कळलं. आधी खरं वाटेना. मग पुन्हा पाहिलं.

मी तिथून जी धावत सुटले ती स्वयंपाकघरातून, पाण्याच्या घागरीला धक्का देत, देवांच्या पुढून, थेट सासूबाईंच्या खाटेवर. त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी माझं डोकं मागे करून चेहरा पाहिला. तिथ्या त्यांच्या डोक्यात होत्याच. त्यांना कळलं. मग मलाही कळलं मी काय केलंय. घागर, देव, त्यांचं अंथरूण, त्या स्वतः, सगळं मी शिवून बसले होते, आणि आज खरोखरीच शिवले होते. मी घाईनं उठायला गेले, तर त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट पकडलं. खाटेची कड धरायच्या तसं.

वन्सं पिशवी घेऊन दारात आल्या. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही. काय झालं, त्यांनी घाबरून विचारलं. सासूबाई काहीतरी म्हणाल्या. माझ्या हुंदक्यांत मलाच ते ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, माझ्या कानाशी.

'राहा म्हणावं तिला. आता खरा आलाय.'

मी वन्संना त्यातलं अर्धंच सांगितलं. आई म्हणतायत, अजून चार दिवस राहा. वन्संनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. कारण विचारलं नाही. पिशवी खुंटीला लावली आणि भात मऊ हवा की घट्ट, ते विचारत स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाईंनी माझं मनगट सोडलं नाही, आणि मीही ते सोडवून घेतलं नाही.